चेंडू, डोके आणि दहा वर्षांचे मूल

लहान मुलांनी फुटबॉल खेळताना डोक्याने चेंडू मारू नये, असा नियम आधी अमेरिकेने केला आणि नंतर ब्रिटनने. या नियमामागचा शास्त्रीय पुरावा अजून अपुरा आहे, हे खरेच. पण पुरावा पुरा होईपर्यंत जोखीम कोणी घ्यायची, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबचे आघाडीपटू जेफ अ‍ॅस्टल हे त्यांच्या पिढीतील नामांकित हेडर मारणारे खेळाडू. १९६८च्या एफए कप अंतिम सामन्यातील विजयी गोल त्यांच्याच नावावर आहे. जानेवारी २००२मध्ये, वयाच्या अवघ्या ५९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरची काही वर्षे ते स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले होते. आपण कधीकाळी फुटबॉलपटू होतो याचेही भान त्यांना उरले नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने जो निष्कर्ष नोंदवला, त्याने फुटबॉलविश्व काही काळ तरी अस्वस्थ झाले. अ‍ॅस्टल यांचा मृत्यू ‘व्यवसायजन्य आजारा’ने झाला, असा तो निष्कर्ष होता. खाणीत काम करणाऱ्याच्या फुफ्फुसात धूळ साचावी, तसा वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्याचा परिणाम त्यांच्या मेंदूत साचत गेला, असा त्याचा अर्थ. २०१४मध्ये ग्लासगोचे मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी अ‍ॅस्टल यांच्या मेंदूची नव्याने तपासणी केली, तेव्हा त्यात ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी’, म्हणजेच ‘सीटीई’ या विकाराच्या खुणा आढळल्या. तोवर हा विकार प्रामुख्याने मुष्टियोद्धे आणि अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू यांच्याशी जोडला जात असे.

‘व्यवसायजन्य आजार’ या शब्दांकडे जरा थांबून पाहायला हवे. व्यवसाय म्हटला, की त्यात मोबदला आला आणि निदान कागदोपत्री तरी संमती आली. परंतु शाळेच्या मैदानावर रांगेत उभे राहून, प्रशिक्षकाने हाताने फेकलेला चेंडू कपाळाने परतवणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाचा व्यवसाय कोणता? त्याला मानधन नाही, करार नाही आणि धोक्याची कल्पना तर मुळीच नाही. सर सांगतात म्हणून तो डोके पुढे करतो. गेल्या दशकभरात जगभर झालेली चर्चा शेवटी या मुलापाशी येऊन ठेपली आहे.

कवटीच्या आत काय घडते?

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो एका द्रवात जवळजवळ तरंगत असतो. चेंडू कपाळावर आदळतो तेव्हा डोक्याची गती एकाएकी बदलते आणि मेंदू क्षणभर मागे राहून मग पुढे सरकतो. डोके सरळ रेषेत मागे ढकलले गेले, तर मज्जापेशींवर येणारा ताण तुलनेने कमी असतो. चेंडू कडेला लागून डोक्याला पीळ बसला, तर मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात. या तंतूंच्या जाळ्याला वैद्यकीय भाषेत श्वेतद्रव्य म्हणतात. एका हेडरने यातले काहीही लक्षात येण्याजोगे बिघडत नाही. शुद्ध हरपत नाही, भोवळ येत नाही, खेळ पुढे चालू राहतो. म्हणूनच अशा धक्क्यांना ‘कन्कशन’ म्हणत नाहीत. ते कन्कशनच्या पातळीखालचे धक्के मानले जातात. शंका आहे ती या छोट्या धक्क्यांच्या बेरजेविषयी.

सीटीईमध्ये मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाच्या विकृत गाठी साचतात. या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदूचे विच्छेदन करूनच होते. जिवंतपणी ज्याचे पक्के निदान होत नाही आणि ज्याची लक्षणे अनेकदा काही दशकांनी उमटतात, त्या आजाराचे कारण मैदानावर बोट ठेवून दाखवता येणे कठीण. मुष्टियोद्ध्यांच्या अशाच अवस्थेचे वर्णन अमेरिकी विकृतितज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८मध्येच केले होते. तरीही ती गोष्ट सर्वमान्य व्हायला कित्येक दशके जावी लागली. फुटबॉलच्या बाबतीत हा उशीर आणखी वाढला, कारण फुटबॉल हा ठोसे मारण्याचा खेळ नव्हे, अशी सर्वांचीच समजूत होती.

ग्लासगोचे आकडे

अ‍ॅस्टल यांच्या मृत्यूनंतर जवळपास अठरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१९मध्ये, या प्रश्नावर पहिला भक्कम आकडा हाती आला. ग्लासगो विद्यापीठात डॉ. स्टुअर्ट यांच्या पथकाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि वय व सामाजिक स्तर यांबाबत त्यांच्याशी मिळत्याजुळत्या २३,०२८ सामान्य नागरिकांशी त्यांची तुलना केली. मज्जासंस्थेच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण फुटबॉलपटूंत सुमारे साडेतीन पट अधिक आढळले. अल्झायमरपुरता विचार केला, तर हे प्रमाण सुमारे पाच पट होते.

या आकड्यांचे दुसरे अंगही लक्षात घ्यायला हवे. ‘साडेतीन पट’ हा शब्द धडकी भरवतो. पण पाहणीच्या काळात या विकारांनी दगावलेल्यांचे प्रत्यक्ष प्रमाण फुटबॉलपटूंत १.७ टक्के, तर इतरांत ०.५ टक्के होते. शिवाय हृदयविकार आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांनी होणारे मृत्यू फुटबॉलपटूंत कमी होते आणि सत्तरीपर्यंत त्यांचा एकूण मृत्युदरही इतरांपेक्षा कमी होता. सत्तरीनंतर मात्र चित्र उलटे झाले. थोडक्यात, फुटबॉल शरीराला फायद्याचाच ठरला; प्रश्न उरला तो डोक्याचा.

मग दोष हेडरचाच कशावरून? त्याचे अधिक नेमके उत्तर त्याच पथकाच्या २०२१मधील दुसऱ्या अभ्यासात सापडते. खेळाडूच्या मैदानावरील जागेनुसार आकडे वेगळे काढले, तेव्हा डोक्याने चेंडू सर्वाधिक परतवणाऱ्या बचावपटूंना असलेला धोका सुमारे पाच पट निघाला. क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांमध्ये मात्र धोक्यातील वाढ ठळक नव्हती. ज्यांची कारकीर्द पंधरा वर्षांहून मोठी होती, त्यांनाही धोका सुमारे पाच पट होता. स्वीडनमध्ये १९२४पासूनच्या अव्वल विभागातील ६,००७ फुटबॉलपटूंचा जो अभ्यास मार्च २०२३मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात धोक्याची वाढ तुलनेने कमी, म्हणजे सुमारे दीड पट, दिसली. तरी गोलरक्षक तिथेही वाढीव धोक्यापासून दूरच राहिले. दोन देश, दोन स्वतंत्र पथके आणि निष्कर्षाची दिशा एकच, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. जुन्या काळी चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड होई. आताचे चेंडू पाणी धरत नाहीत, तेव्हा जुन्या खेळाडूंचे दुखणे आजच्यांना कशाला लावायचे? आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु कोरड्या चेंडूचे नियमातील वजन १९३७पासून ४१० ते ४५० ग्रॅमच आहे. भिजलेला चेंडू जड होई, पण तो हळूही जाई; आजचा चेंडू वजन राखतो आणि वेगाने येतो. आणि धक्का केवळ वजनावर ठरत नाही, तो वेगावरही ठरतो. ग्लासगोच्या २०२१मधील अभ्यासात जुन्या आणि त्या मानाने नव्या पिढीतील खेळाडूंच्या धोक्यात ठळक फरक आढळला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मुलांविषयी काय ठाऊक आहे?

येथे प्रामाणिकपणे एक कबुली द्यावी लागते. वर सांगितलेले सारे आकडे आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या पुरुषांचे आहेत. दहाव्या वर्षी हेडर मारणाऱ्या आणि पंधराव्या वर्षी फुटबॉल सोडून देणाऱ्या मुलाचे साठाव्या वर्षी काय होते, हे त्यांवरून थेट सांगता येत नाही. हौशी खेळाडूंवरील अभ्यास आहेत, ते लहान आहेत आणि तेही बहुतेक प्रौढांवरचे आहेत. न्यू यॉर्कचे डॉ. मायकेल लिप्टन यांनी २०१३मध्ये ३७ हौशी खेळाडूंच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. वर्षाला साधारण ८८५ ते १,५५० हेडरची मर्यादा ओलांडणाऱ्यांच्या श्वेतद्रव्यात बदल दिसले आणि १,८०० हेडरच्या पुढे गेलेल्यांचे स्मरणशक्तीच्या चाचणीतील गुण घसरले. २०१६मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात १९ खेळाडूंना यंत्राने सोडलेल्या चेंडूवर प्रत्येकी वीस हेडर मारायला सांगण्यात आले. त्यानंतर लगेच घेतलेल्या स्मरणचाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घटली. चोवीस तासांत ती पूर्ववत झाली. असा तात्पुरता धक्का वर्षानुवर्षे पुन:पुन्हा बसला, तर तो तात्पुरताच राहतो का? याचे उत्तर त्या प्रयोगात नव्हते.

मात्र मुलाचे शरीर म्हणजे प्रौढाच्या शरीराची छोटी आवृत्ती नव्हे, एवढे शरीरशास्त्र नक्की सांगते. लहान मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू दुबळे असतात. प्रौढ खेळाडू हेडर मारताना मान आणि धड ताठ करतो, त्यामुळे धक्का पूर्ण शरीरावर वाटला जातो. मुलाच्या बाबतीत तो डोक्यावरच राहतो. चेंडू नेमका कधी पोहोचणार, याचा अंदाज घेण्याचे कौशल्यही त्या वयात अर्धवट असते, त्यामुळे तो कपाळाऐवजी टाळूवर किंवा कानशिलावर लागण्याचा संभव अधिक. शिवाय मेंदूतील तंतूंवर मायलिनचे संरक्षक आवरण चढण्याची प्रक्रिया पौगंडावस्था ओलांडून पुढेही चालू असते. मुलींच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. लिप्टन यांच्याच पथकाने २०१८मध्ये सारख्याच प्रमाणात हेडर मारणाऱ्या ४९ पुरुष आणि ४९ महिला खेळाडूंची तुलना केली, तेव्हा महिलांच्या श्वेतद्रव्याचा सुमारे पाच पट अधिक भाग बाधित दिसला.

न्यायालयातून मैदानावर

अमेरिकेत या प्रश्नाला गती मिळाली ती न्यायालयामुळे. १९९९च्या महिला विश्वचषकात निर्णायक पेनल्टी मारणारी ब्रँडी चेस्टेन हिने २०१४मध्ये, चौदा वर्षांखालील मुलांना हेडर मारायला लावू नये, या मोहिमेला पाठबळ दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही पालक आणि खेळाडूंनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात ‘फिफा’ आणि अमेरिकेतील संघटनांविरुद्ध दावा दाखल केला. त्यांनी नुकसानभरपाई मागितली नव्हती. नियम बदला, एवढीच त्यांची मागणी होती. ‘फिफा’विरुद्धचा दावा न्यायालयाने फेटाळला, परंतु नोव्हेंबर २०१५मध्ये अमेरिकी महासंघाने तडजोड स्वीकारली. त्यानुसार दहा वर्षे आणि त्याखालील मुलांना हेडरची पूर्ण मनाई झाली आणि अकरा ते तेरा वयोगटासाठी सरावातील हेडरवर मर्यादा आली. सामन्यात लहान मुलाने जाणूनबुजून हेडर मारला, तर प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक मिळू लागली.

ब्रिटनमध्ये हा बदल संशोधनाच्या मार्गाने आला. ग्लासगोचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर चारच महिन्यांत, फेब्रुवारी २०२०मध्ये, इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. सामन्यांना तेव्हा हात लावला नाही, आणि त्यामागे विचार होता. या वयाच्या मुलांच्या सामन्यात हेडर मुळातच थोडे होतात. एका सामन्यात होणार नाहीत इतके हेडर सरावात दहा मिनिटांत होऊ शकतात, कारण तिथे तीच एक कृती पुन:पुन्हा घोटून घेतली जाते. पुढे २०२२मध्ये इंग्लंडने बारा वर्षांखालील सामन्यांतही हेडरशिवाय खेळण्याचा प्रयोग सुरू केला आणि २०२४-२५च्या हंगामापासून सात ते नऊ वर्षांखालील गटांत ती मनाई नियम म्हणून आली. पुढील दोन हंगामांत अनुक्रमे दहा आणि अकरा वर्षांखालील गटांना ती लागू करण्याची आखणी तेव्हाच जाहीर झाली. व्यावसायिक खेळाडूंसाठीही २०२१पासून, सरावात आठवड्याला जोरकस हेडर दहापेक्षा अधिक नकोत, अशी सूचना आहे. ज्या देशाच्या फुटबॉलची ओळखच उंच चेंडू आणि हेडर ही होती, त्या देशाने हे करावे, हे विशेष.

विरोधकांचे म्हणणे

या निर्बंधांना विरोध करणारे सगळेच जण आडमुठे नाहीत. त्यांचा एक मुद्दा असा, की हेडर हे कौशल्य आहे. ते योग्य वयात शिकवले नाही, तर मूल तेराव्या-चौदाव्या वर्षी, चेंडूचा वेग वाढलेला असताना, चुकीच्या पद्धतीने डोके पुढे करील. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या २००५-०६ ते २०१३-१४ या काळातील नोंदींच्या अभ्यासात, मुलांच्या कन्कशनपैकी सुमारे तीस टक्के आणि मुलींच्या कन्कशनपैकी सुमारे पंचवीस टक्के हेडर मारताना झाल्याचे दिसले. पण त्यांतील बहुसंख्य इजा चेंडू डोक्याला लागल्याने झाल्या नव्हत्या. चेंडूसाठी उडी घेतलेल्या दोन खेळाडूंची टक्कर हे त्यांचे कारण होते. तेव्हा हेडरवर बंदी घालण्यापेक्षा धसमुसळ्या खेळावर पंचांनी कठोर व्हावे, असे या मंडळींचे म्हणणे.

दोन्ही मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु ते निर्बंधांना छेद देत नाहीत. टक्कर हेडरच्या निमित्ताने होत असेल, तर हेडर कमी झाल्यावर टकराही कमी होतील. पंचांनी कठोर होण्यालाही कोणाची हरकत नाही. राहिला कौशल्याचा प्रश्न. उडीची वेळ साधणे, चेंडूच्या उड्डाणाचा अंदाज घेणे, मान आणि धड ताठ ठेवणे हे सारे हलक्या स्पंजच्या चेंडूने किंवा फुग्यानेही शिकवता येते. आणि हेडर नसला, की चेंडू जमिनीवर राहतो. मुले पासिंग आणि चेंडूवरचा ताबा शिकतात. तेच तर त्या वयात शिकायचे असते.

खरा वाद पुराव्याच्या भाराचा आहे. नुकसान सिद्ध करा, मग थांबवू, असे म्हणायचे, की निर्धोक असल्याचे सिद्ध करा, मग शिकवू, असे म्हणायचे? प्रौढ खेळाडूच्या बाबतीत पहिली भूमिका समजण्यासारखी आहे. तो स्वत:च्या जबाबदारीवर खेळतो. मुलाच्या बाबतीत ती न्याय्य ठरत नाही. २०१५मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा साठीचा होईल २०६५मध्ये. बंदीचा उपयोग झाला की नाही, याचे पक्के उत्तर तेव्हा मिळेल. तोवर वाट पाहायची, तर एका पिढीला नकळत प्रयोगाचा विषय करावे लागेल. याउलट, काळजी अनाठायी होती असे पुढे निष्पन्न झाले, तर काय गमावले जाईल? लहानपणी न शिकलेले काही हेडर. एका पारड्यात एवढेच आणि दुसऱ्या पारड्यात कोणाची तरी स्मृती असेल, तर निवड अवघड नसावी.

आपल्या मैदानांवर

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर नाही. अमेरिकेतील उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले शनिवार-रविवारी सॉकरच्या मैदानावर असतात. त्यांच्या पालकांना हे नियम परिचित आहेत. पण मुंबईत आझाद मैदानावर पावसाळ्यात शालेय सामने रंगतात, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम संघांच्या लढतींना हजारोंची गर्दी लोटते आणि तेथील पोरे गल्लीबोळांतून त्याच खेळाडूंची नक्कल करतात. २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. शहरांत शुल्क आकारून शिकवणारे फुटबॉल वर्ग आता नवलाईचे राहिलेले नाहीत, आणि तिथे सहा-सात वर्षांची मुले दाखल होतात.

पालकांनी मुलाला मैदानावरून घरी आणावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. मैदाने आधीच आक्रसत चाललेल्या शहरात मूल धावते आहे, हीच मोठी गोष्ट आहे. काळजी घ्यायची ती साध्या गोष्टींची. मुलांच्या वर्गात हेडरचा सराव करून घेतात का आणि कोणत्या वयापासून, हे प्रशिक्षकांना विचारावे. बारा वर्षांखालील मुलांच्या हाती मोठ्यांचा पाच क्रमांकाचा चेंडू न देता चार क्रमांकाचा द्यावा, त्याहून लहानांना तीन क्रमांकाचा. आणि चेंडूत हवा दगडासारखी ठासून भरू नये. शिवण उसवलेला, पाणी धरणारा चेंडू पावसाळ्यात सरळ बाजूला ठेवावा. आणि डोक्याला मार बसून मूल गोंधळले, ओकले, डोके दुखते म्हणाले किंवा नुसते गप्प झाले, तर सामना कितीही रंगात असला तरी त्याला बाहेर काढावे आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा मैदानावर उतरवू नये. हेडरविषयीचे मतभेद काहीही असोत. या शेवटच्या मुद्द्यावर जगातील वैद्यकीय क्षेत्रात दुमत नाही.

यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही की नवा कायदा. लागते ती शाळेच्या क्रीडाशिक्षकाने घेतलेली एक भूमिका आणि पालकाने विचारलेला एक प्रश्न. जेफ अ‍ॅस्टल यांना हा प्रश्न विचारण्याची संधीच मिळाली नाही, कारण त्यांच्या काळी तो कोणाला सुचलाही नव्हता. आज तो विचारला गेला आहे आणि त्याचे निम्मे उत्तरही हाती आले आहे. उरलेल्या निम्म्याची वाट शास्त्रज्ञांनी जरूर पाहावी. दहा वर्षांच्या मुलाने ती डोक्यावर चेंडू झेलत का पाहावी?